दोन बोटं खाली

मी एक जुना सेन्सर आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात राग आहे. गोड गोष्ट हवी असेल त्यांनी एखाद्या कंपासपेटीकडे जावं.

बरणीच्या झाकणाएवढा मी. मातीत पडून राहायचं, दिवसा किती उष्णता खाली झिरपली, रात्री किती परत वर आली, ते सांगायचं. एवढंच काम. मला तारताईने घडवलं. सुताराच्या कानावर पेन्सिल असते तशी तिच्या कानावर तांब्याची तार असे, म्हणून प्रयोगशाळेत तिचं हेच नाव पडलं. तिने केसाएवढ्या तारा गुंफल्या, वर राळ ओतली, फुंकर घातली. मला परदेशी सेन्सरच्या शेजारी पुरलं. आमचे आकडे जुळले. टाळ्या पडल्या. साहेबांसाठी.

काम संपल्यावर ताई मला काढायला खुरपं घेऊन आली, तर साहेब म्हणाले, "राहू दे. स्वस्तातला आहे."

खट्. तार कापली.

(इथे बराच काळ अंधार आहे. वाचू नका, नुसते थांबा.)

मग साहेबांनी एक महागडा सेन्सर आणला. ताई त्या दिवशी रजेवर होती. साहेबांना माझ्या जागेची खूण म्हणून ठोकलेली जुनी खुंटी दिसली, माती मऊ लागली, आणि त्यांनी माळ्याला तिथेच खणायला लावलं. महाराज बसले ते थेट माझ्या डोक्यावर, दोन बोटं वर.

राळेतून उष्णता नीट जात नाही, मित्रांनो. ती माझ्यापाशी अडे आणि बाजूने वळसा घेऊन जाई. महाराजांचे आकडे कमी येऊ लागले. ताईने त्यांची वायर बदलली. त्यांना तपासणीला पाठवलं, माळ्याने परत त्याच खड्ड्यात बसवलं. मी तिथेच. भोगा म्हटलं.

पण साहेब कधी चुकत नसतात. "बाई, जोडणी तुमचीच कच्ची," ते ताईला म्हणाले. आता पुन्हा आकडा चुकला, की तिची रवानगी गोदामात.

माझा सूड भलत्याच माणसाला डसला होता. आणि मला तसूभरही सरकता येत नव्हतं.

साहेब गेल्यावर ताई गुडघ्यांवर बसली. तिने महाराजांना उचललं आणि सवयीने खड्ड्याचा तळ हाताने चाचपला. तिचं नख माझ्यावर वाजलं.

"तू होय," ती म्हणाली. "मेल्या, माझ्याच मुळावर उठलास?"

तिने मला पुसलं नाही. चिखलासकट नेऊन साहेबांच्या कागदांवर ठेवलं.

"हे काय?"

"तुमचं 'राहू दे', साहेब."

मित्रांनो, काम झालं की आम्हाला काढा, पुसा, कपाटात ठेवा. दया म्हणून नव्हे. तुम्ही आळशी आहात. पुढचा खड्डा तुम्ही कुठे खणणार, ते आम्हाला खालून ठाऊक असतं.