पट्टा अजून भेटला नाई

मले राग लवकर येते. कॉलेजातली पोरं म्हणते, रामटेके मॅडम वर्गात आल्या की पृथ्वी बी नीट फिरते. म्हणू द्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याले भूगोल शिकवते मी, अन् दरसाल एक धडा असा येते का माझं डोकं सरकतेच. नकाशा-प्रक्षेपण. पोरं घोकून टाकते, दंडगोलाकार, शंकू, अमुक-ढमुक, अन् पेपरात ओकून देते. हे कायले पाहिजे म्हणून एक जण विचारंन तं शपथ.

म्हणून मी त्या दिवशी संत्र नेते. साल अख्खी सोलाची, टेबलावर ठेवाची अन् एखाद्या शहाण्याले म्हणाचं, कर बरं सपाट. फाटतेच. मंग मी सांगते, बाबांनो, गोल गोष्ट सपाट कराची म्हणजे कुठी तरी फाडा लागते, नाई तं ताणा लागते. जहाजवाल्यायले दिशा पाहिजे, तं त्यायचा नकाशा दिशा खरी ठेवते अन् बाकी फुगवते, त्याच्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसते. कुठी किती जंगल आहे हे ताडून पाहाचं असंन तं क्षेत्रफळ खरं ठेवणारा घ्या, आकार वाकडे झाले तरी चालते. अख्खा भारत एका कागदावर पाहिजे तं शंकूवाला. अन् जमीन मोजाची असंन, तं पृथ्वीच्या उभ्या साठ फोडी करून एकेक फोड अलग सपाट करणारा. सगळेच नकाशे थोडे थोडे खोटे असते. कोणत्या कामाले कोणतं खोटं चालते, एवढंच ठरवा लागते.

विनोद याच धड्यातून गेलेला पोरगा. आता बाप्या झाला, कोसमटोल्याच्या ग्रामसभेचा सचिव आहे. कोसमटोला म्हणजे जंगलातलं गोंडायचं गाव, आमच्या कॉलेजापासून मोटरसायकलनं जा तं कंबरडं मोडते. गावानं आपल्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा टाकला, तवा सीमा मोजाले विनोदनं मलेच बोलावलं. जीपीएसचं यंत्र त्याच्या हातात, मी मागं, अन् सगळ्यायच्या समोर त्याची माय, बुधरीबाई. अनवाणी. काठी टेकत चालली होती, पण आमचा दम निघाला.

मोजणी सुरू कुठून कराची, तं बुधरीबाई एका मोहाखाली जाऊन उभी राह्यली. मोठा मोह, दोघायच्या कवेत न मावणारा. त्याच्या बुडाशी एक उभा दगड. तो जंगूदादाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. त्यायच्यात माणूस गेला का त्याच्या नावानं दगड उभा करते. चैतात मोह पडाले लागला का पयली ओंजळ ती त्या दगडापुढं ठेवते, अन् मंगच टोपली भरते. त्याच्या आधी एक फूल तोंडात टाकणार नाई, नातवायले बी टाकू देणार नाई.

"इथून लिव्ह," ती विनोदले म्हणली. "पयला तुहा बाप."

विनोदनं बटन दाबलं. बिंदू नंबर एक, जंगूदादा. आकडे मी सोता तपासले. एकही चुकला नव्हता, आज बी छातीवर हात ठेवून सांगते.

अन् वर्षभरानं विनोदचा फोन. "मॅडम, दावा नामंजूर झाला. म्हणते, तुम्ही दाखवलेल्या जागेवर जंगलच नाई."

मी म्हटलं, "काय? जंगल नाई? त्यायचे डोळे फुटले का?"

"अन् त्या दिवशीच्या मोहावर वनखात्याचे लोक हातोड्याचा ठसा मारून गेले. आजूबाजूच्या साजाच्या, बिजाच्या झाडायवर बी. या साली तिथी कूप पडणार आहे. मायनं जेवण सोडलं."

कूप म्हणजे तोडीले काढलेला जंगलाचा तुकडा. दावा मंजूर झाला असता तं गावाले विचारल्याबिगर तिथी कुऱ्हाड लागली नसती. नामंजूर, म्हणजे रान मोकळं. मी त्याच दिवशी रजा टाकली.

फेरसुनावणीले आम्ही तिघं गेलो. समितीचे साहेब माणूस वाईट नव्हते, पुण्याकडचे, नवीनच आले होते. त्यायनं कॉम्प्युटरवाल्याले सांगून भिंतीवर आमचा नकाशा लावला. उपग्रहाचा फोटो, त्याच्यावर लाल रेघेत कोसमटोल्याची सीमा. आकार तोच, खालून नाल्याचा बाक, वर डोंगराचं टोक. पण आत हिरवं काईच नाई. चौकोनी चौकोनी वावरं, अन् मधात एक निळं चकाकणारं.

"हे शेततळं आहे," साहेब म्हणाले. "आजूबाजूला कांदा. तुम्हीच सांगा मॅडम, याला जंगल कसं म्हणायचं?"

मी उठून भिंतीजवळ गेली. कोपऱ्यात बारीक अक्षरात गावाचं नाव होतं. मी वाचलं अन् मले आधी हसू आलं, मंग असा संताप आला का विचारू नका.

"साहेब, हे मनमाड आहे!"

बुधरीबाईनं विनोदले गोंडीत विचारलं. विनोद अडखळतच म्हणला, "माय, हे म्हणून राह्यले का बाबाचा दगड मनमाडले आहे. तिकडं, नाशिककडं. कांद्याच्या वावरात."

बुधरीबाई भिंतीकडं पाहत राह्यली. मंग मराठीतच बोलली, सगळ्यायले समजावं म्हणून. "जित्तेपणी गडचिरोलीच्या पुढं गेला नाई बुढा. एसटी लागे त्याले. अन् मेल्यावर मनमाडले गेला?"

कॉम्प्युटरवाला फिसकन हसला. मी त्याच्याकडं असं पाह्यलं का त्याचं हसू तिथंच गारठलं.

माझ्या पर्समधी संत्र होतं, रस्त्यात खाले घेतलेलं. मी ते साहेबायच्या टेबलावरच सोललं. "हे पाहा. पृथ्वीच्या साठ फोडी. दर फोडीचे आकडे नव्यानं सुरू होते, म्हणून तेच आकडे साठही फोडीत सापडते. गल्ली नंबर न टाकता निस्तं घर नंबर पाच लिव्हलं तं पोष्टमन कोणत्या घरी जाईन? महाराष्ट्र दोन फोडीत पडते. मुंबई, पुणे, नाशिक त्रेचाळीसव्या फोडीत. अमरावती सोडली का रेघ बदलते. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, हे सगळं चव्वेचाळीसमधी. आमचे आकडे चव्वेचाळीसचे होते. कोण्या दिवट्यानं त्रेचाळीस टाकून आमचं गाव उचललं अन् मनमाडले नेऊन ठेवलं."

साहेबायनं एक फोड उचलली, पाह्यली, परत ठेवली. "असं होऊ शकतं?"

"झालंच आहे ना भिंतीवर!"

नकाशाचं काम पुण्याच्या एका खाजगी संस्थेकडं होतं. साहेबायनं तिथल्या पोराले फोन लावला अन् आवाज मोठा केला. अंकुश नाव त्याचं. गरीब आवाजाचा पोरगा.

"सर, आमच्याकडे सगळं त्रेचाळीसच असतं," तो म्हणला. "तरी मी गावाला फोन केला होता. विचारलं होतं, पट्टा कुठला? ते म्हणाले, पट्टा अजून मिळाला नाही. मला वाटलं त्यांना माहीत नसेल. मग नेहमीचाच टाकला."

मी विनोदकडं पाह्यलं. विनोदचं तोंड उतरलं होतं.

"मॅडम, आमच्याकडं पट्टा म्हणजे जमिनीचा हक्काचा कागद," तो हळूच म्हणला. "त्याच्यासाठीच तं सगळं करून राह्यलो. तो विचारते, पट्टा कुठला? मी म्हटलं, भेटला असता तं तुले काऊन आकडे पाठवले असते बापा? अजून नाई भेटला." मंग माझ्याकडं वळून, "तुमी तं वर्गात फोड म्हणत होत्या."

फोडच म्हणत होती मी. पुस्तकात त्याच फोडीले पट्टा लिव्हलं आहे.

"अन् गडचिरोलीतून आलेल्या आकड्याले नेहमीचा टाकला?" मी मंग फोनवरच भडकली. "महाराष्ट्र का अमरावतीलेच संपते?" तिकडून पोरगा सॉरी मॅडम, सॉरी मॅडम करत राह्यला. त्याच्यावर तरी किती ओरडावं? त्याच्या पुण्यात सगळं त्रेचाळीसच असते, हे खोटं नव्हतं.

साहेब म्हणाले, "चूक मान्य. दुरुस्ती पाठवतो. पुढच्या बैठकीत घेऊ."

"अन् तोड? झाडांवर ठसे लागले आहे, साहेब. आजच थांबवा."

"मॅडम, रेकॉर्डवर आज दावा नामंजूर आहे. बैठक होईपर्यंत मी कशाच्या आधारावर थांबवू? पत्र लिहितो मी वनखात्याला. विनंतीचं."

त्यायनं पत्र लिव्हलं, हे खरं आहे. मी पाह्यलं. पण विनंतीनं का कुऱ्हाड थांबते? सरकारी काम अन् सहा महिने थांब, अन् आरा मात्र दुसऱ्या दिवशी हजर.

कूपवाले आले तवा मोह पडाले लागलाच होता. गाव आडवं झालं. बुधरीबाई दगडाले पाठ लावून बसली अन् उठेच ना. वनखात्याच्या माणसायनं कागद दाखवला, नामंजूर. गावानं सांगतलं, चूक झाली आहे, दुरुस्ती होऊन राह्यली. ते म्हणले, झाली का सांगा. मंग बायापोलीस आल्या अन् तिले दोन्ही बाजूनं उचलून बाजूले नेलं. विनोद फोनवर हे सांगत होता अन् मी वर्गात उभी होती, फळ्यावर अर्धा नकाशा काढलेला. मले पुढं शिकवणं झालं नाई. पोरायले म्हटलं, जा घरी.

मोहाचं झाड पडलं ते दगडावरच पडलं. दगड मधातून फुटला, अन् मंग ट्रकचा रस्ता तिथूनच केला. त्या साली बुधरीबाईनं मोह वेचला नाई. पयली ओंजळ ठेवाची कुठी? ते ठेवल्याबिगर टोपलीत फूल टाकणं तिले जमत नव्हतं. तिच्या घरच्यायनंही वेचला नाई, अन् पाहता पाहता अर्ध्या गावानं वेचला नाई. दुसऱ्या झाडायखाली फुलं सडून वास सुटला होता. मी गेली होती तवा मले त्या वासानं रडू आलं, लपवून काय करू.

बैठक झाली ती त्याच्या नंतर. मी, विनोद, बुधरीबाई, तोच हॉल, तेच साहेब. कॉम्प्युटरवाल्यानं त्रेचाळीस पुसलं अन् चव्वेचाळीस टाकलं. एक आकडा. लाल रेघ भिंतीवरून गायब झाली अन् मंग आपल्या जागी येऊन बसली. नाला नाल्यावर, डोंगर डोंगरावर. आत गच्च हिरवं. विनोदनं माझा हात दाबला. मले बी भरून आलं, खोटं काऊन बोलू.

पण वरच्या कोपऱ्यात, जिथून मोजणी सुरू केली होती, तिथी मातकट भोक होतं. फोटो नवीन होता, ताजा.

साहेबायनं घसा खाकरला. "अभिनंदन. दावा मंजूर करतो आहोत. पट्टा मिळेल गावाला. फक्त हा वरचा तुकडा... इथे आज वनआच्छादन दिसत नाही. समितीचं म्हणणं आहे, तेवढा भाग वगळून."

"तुमीच तोडलं अन् तुमीच म्हणता दिसत नाई?" मी खुर्ची मागं ढकलून उभी झाली. "तोडलेलं जंगल जंगल नसते का? कोणत्या कायद्यात लिव्हलं आहे? लाज वाटू द्या जराशी!"

"वर अपील करा मॅडम," साहेब खाली पाहत म्हणाले. "मी स्वतः लिहून देतो. माझ्या हातात एवढंच आहे."

अपील करूच. ते मी तिथंच सांगतलं. पण तो दगड काई अपिलानं जुळत नाई, हे मलेही समजत होतं अन् साहेबायलेही.

विनोद मायले सांगाले खाली वाकला, पट्टा भेटला म्हणून. तिनं ते ऐकलं, मान हलवली. मंग बोट भिंतीकडं केलं. "तुहा बाप दाखव."

विनोदनं मान फिरवली. मलेच बोला लागलं. "बुधरीबाई, तो बिंदू वगळला. त्या मातकट जागेत होता. नकाशात आता तो नाई."

"पण आता तं नकाशा बराबर झाला म्हणता नं?"

"हो. आता बराबर आहे."

ती उठली, काठी घेतली, साहेबायच्या टेबलासमोर जाऊन उभी राह्यली. ओरडली नाई. बाजारात घासाघीस करते तेवढ्याच आवाजात म्हणली,

"मंग त्याले मनमाडलेच राहू द्याचं होतं ना, साहेब. तिथी तं कोणी तोडलं नसतं."