घेवड्याच्या मुळाशी

मित्रांनो, मी मातीतली एक म्हातारी जिवाणू आहे. किती म्हातारी ते विचारू नका. सकाळी मी एक असते, संध्याकाळपर्यंत माझ्या हजार होतात, आणि त्यातली खरी मी कोणती यावरून आमची रोजची भांडणं.

एकदा आमच्या गोतावळ्याला भुकटीत मिसळून पुडीत भरलं आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी धाडलं. त्यांच्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं. त्यांच्या आईच्या घेवड्याचं मूठभर बी तेवढं उरलेलं. यंदा ते जगलं नाही, तर तो घेवडा कायमचा गेला.

खारट पाण्यातही रोपं तगावीत म्हणून आम्हाला पाण्यात कालवून बियांना चोळायचं होतं. पण बाईंचा नवरा भारी कामसू. त्यानं भुकटी उकळत्या पाण्यात ढवळली.

"अहो, हे काय केलंत?"

"गुठळ्या राहत होत्या."

"जिवंत आहेत ते. चहा नाही करायचा त्यांचा."

"मग पुडीवर लिहायचं ना तसं."

"लिहिलंय. चष्मा कपाळावर ठेवून कसं दिसणार?"

आमची तरणीताठी मंडळी तिथंच गेली. आम्ही काही म्हाताऱ्या मात्र जाड कवच ओढून झोपलो होतो. उकळतं पाणी आलं, तशी मी कूस बदलली, इतकंच.

दुसरी पुडी मिळेना, पेरणीचे दिवस सरत चाललेले. बाईंनी तेच पाणी निववलं, बियांना चोळलं आणि बी पेरलं. नवरा त्या दिवशी अळणी भाजी निमूट जेवला.

मुळं फुटली तशी मी जागी झाले. खारट पाण्यानं कोवळी रोपं पार भेदरली होती. घाबरलं की रोप वाढायचंच सोडतं. मी मुळाला बिलगले, चिकट रसाचं पांघरूण घातलं, ओल धरून ठेवली आणि त्याची भीती घासाघासानं खाऊन टाकली. हसू नका, रोपाची भीती आम्हाला खरंच पचते; घाबरलेल्या रोपाच्या मुळातून जे पाझरतं, तोच आमचा घास.

तरी निम्मी रोपं गेली. उरलेल्यांना शेंगा धरल्या.

"भाजीपुरत्या तोडू?" नवऱ्यानं विचारलं.

"हात लावायचा नाही. बी धरायचंय."

"एकच."

"वास घ्या हवा तर."

तो खरंच वाकला. "तुझ्या आईच्या अंगणात अस्साच यायचा," म्हणाला. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि शेंगा पुन्हा एकदा मोजल्या.

मित्रांनो, वेल वाळले की उपटू नका, बुंध्याशी कापा. मुळं राहू द्या, वर थोडा पाला पसरा. आम्ही खाली पुढच्या बियांची वाट बघत असतो.