रिकामे फोटो

जंगलातल्या झाडांना बांधलेले कॅमेरे समोर काही हललं की आपोआप फोटो काढत. त्यांतली मेमरी कार्डं प्रयोगशाळेत आली की संगणक प्रत्येक फोटोला नाव देई: कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ आणि प्राणी. प्राणी ओळखता आला नाही, की शेवटी 'रिकामा'. संगणकातला साठा कायम काठोकाठ, म्हणून दर शनिवारी रिकाम्यांचा निकाल लावायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं. सुरुवातीला ती एकेक फोटो उघडायची. पण डुलणारं गवत माणसानं बघायचं तरी किती? मग ती न बघताच सगळे पुसून टाकायला लागली.

कॅमेऱ्यांची देखभाल तिचे बाबा करायचे. वनरक्षक होते. गेल्या महिन्यात ते गेले. तेव्हापासून आईनं एकच धोसरा लावला होता, भिंतीवर लावायला धड फोटो नाही. होता तो ओळखपत्रावरचा, चोर पकडून आणल्यासारखा.

या शनिवारी बाबांनी कॅमेऱ्यात घातलेलं शेवटचं कार्ड आलं. निदान हे तरी उघडून बघावं, म्हणून तिनं रिकाम्यांतला पहिला फोटो उघडला. बाबा! शर्टाच्या टोकानं कॅमेऱ्याची काच पुसत, अगदी जवळून, तोंडभर हसणारे. संगणकाला माणूस ओळखायला कुणी शिकवलंच नव्हतं.

आईसाठी तिनं प्रत काढली. पण मूळ फोटो पुसायला हात धजेना. साठ्यात ठेवायचा तर नावात प्राणी हवा, आणि यादीत माणूस नव्हता. कॅमेऱ्यात कधीच न आलेलं साळिंदर जंगलात पाहिल्याचं बाबा कायम सांगायचे, आई त्यांना वेड्यात काढायची. तिनं 'साळिंदर' निवडलं.

दुपारी प्रयोगशाळेचे सर लगबगीनं आले. "काय गं, साळिंदर सापडलं म्हणे?"

तिनं फोटो उघडला. सर वाकून बघू लागले.

"अहवालात नको घेऊस," ते हळूच म्हणाले. "पण साठ्यात राहू दे. आणि आधीचेही काढून ठेव. दर आठवड्याला काच पुसायचे ते. पुष्कळ असतील."

"होते, सर," ती म्हणाली. "दर शनिवारी मीच पुसत होते."