तू कोणाचा?

आमच्या चिंचवडच्या कंपनीत अप्रेंटिस निवडताना दबीरसाहेब प्रत्येक पोराला एकच प्रश्न विचारत, "तू कोणाचा?" परीक्षेचे पेपर मी तपासायचो, ते त्यांच्या चहाच्या कपाखाली पडलेले असत. शहाणी पोरं कुण्या साहेबाचं, नाहीतर आमदाराचं नाव सांगत आणि आत जात. बाकीची हुशार पोरं परत थेरगावला, सायकलींची पंक्चरं काढायला.

एकाहत्तर साली विलास आला. पेपरात पहिला. बाप आमच्याच फाउंड्रीत वाळू उपसायचा. दबीरांनी विचारलं, "तू कोणाचा?" पोराला वाटलं, बापाचं नाव विचारताहेत.

"साहेबरावांचा," तो म्हणाला.

आमच्या डायरेक्टरांचं नावही साहेबराव. दबीर खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, मग आधी नाही का सांगायचं! बस, बस. चहा घेणार?"

महिन्याभराने ते डायरेक्टरांना लाडात म्हणाले, "आपला विलास छान शिकतोय हं."

"कोण विलास?"

दबीरांचं तोंड एवढंसं झालं. पोराला काढायचं, तर घेतला कशाला तेही सांगावं लागणार. म्हणून विलास राहिला.

आज त्या बॅचमधले साहेबांचे भाचे-पुतणे यंत्रांवर उभे आहेत, आणि मागच्या आवारात बिघडलेल्या मालाचा ढीग शेडएवढा झालाय. तरी दबीर दर समारंभात छाती काढून सांगतात, "आम्ही फक्त लायकी बघतो. विलासकडेच बघा!"

बघतोय ना. त्या वर्षी लायक पोरगा एकच आत आला, तोही ह्यांच्या चुकीने.