दुफाट्याचा अशोक

राणीच्या बागेच्या फाटकाशी हिरामणने वहाणा काढल्या आणि काखेत धरून तो आत निघाला, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याला हसू आलं.

"ओ काका, हे देऊळ नाय. बाग हाय. घाला वहाणा."

"असू द्या," हिरामण म्हणाला. "आमच्याकडं राईत अनवाणीच जातात."

मागून त्याची बायको भागूबाई येत होती. तिच्या पायांत मुळातच काही नव्हतं. "माझं काम सोपं," ती पहारेकऱ्याला म्हणाली आणि पुढे झाली.

दोघं पहाटेच्या गाडीने कर्जतहून निघाली होती. आता ऊन चढलं होतं, पण आत पाऊल टाकताच अंगाला गारवा लागला. डोक्यातल्या भांगासारख्या सरळ वाटा, दोन्ही बाजूंना कातरलेली झुडपं, मागे उंच झाडं. प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर पत्र्याची छोटी पाटी ठोकलेली.

"झाडांना ताईत बांधलेत," भागूबाई म्हणाली.

"नाव लिवलेलं असंल."

"झाडाला आपलं नाव ठाऊक नसतं व्हय?"

वाघाच्या पिंजऱ्यापुढे माणसं दाटीने उभी होती. भागूबाईने लांबूनच मान उंच करून पाहिलं. "आपल्या गोठ्यामागं येतो तो याच्याहून तब्येतीनं बरा हाय," एवढं बोलून ती नवऱ्याच्या मागे निघाली. हिरामणने वाघाकडे पाहिलंही नव्हतं. त्याची नजर झाडांवर होती, तीही शेंड्यांवर नाही. तो एकेका झाडाच्या बुंध्यापाशी वाकत होता.

त्याला एकच झाड हवं होतं. ते त्याने तीस वर्षांपूर्वी चोरलं होतं.

त्या वेळी आगगाडी नुकतीच घाट चढून पुण्याकडे जाऊ लागली होती. राणीच्या बागेची माणसं रोपं जमवायला माथेरानच्या पायथ्याला हिंडत होती आणि वीस-बावीस वर्षांचा हिरामण त्यांना वाटा दाखवत होता. त्याच्या गावाला, कोशिंबवाडीला, देवीची राई होती. त्या राईतून वाळलेली काटकीच काय, गळलेलं पानही कोणी घरी नेत नसे. देवीच्या दगडाशेजारी तांबडा अशोक होता. गावातल्या पोरींच्या ओट्या त्याच्याखाली भरत, आणि बाळंतीण आजारी पडली तर देवीला विचारून त्याचीच चार बोटं साल काढत. त्या अशोकाखाली एक रोप उगवलेलं होतं, कमरेएवढं. जमिनीपासून दीड वितीवर त्याला दोन फाटे फुटलेले होते. एका दुपारी हिरामणने ते मुळासकट उपटून बागेच्या माणसांना दिलं. त्याला गरज नव्हती, कुणी धमकावलंही नव्हतं. डोंगरातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे हे दाखवायची हौस, एवढंच. खूश होऊन त्यांनी त्याला कलमं करायचा एक चाकू दिला.

तो चाकू त्याने कधी वापरला नाही. घरी येऊन दाराच्या वरच्या अंगाला, छपराच्या गवतात खोचून ठेवला. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर त्याने ही गोष्ट भागूबाईला सांगितली. दुसऱ्या कुणालाच नाही.

मग दोन उन्हाळ्यांपूर्वी शेतात राबाला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळायला, लावलेली आग वाऱ्याने राईत शिरली आणि अशोक जळाला. लोकांनी दोन पावसाळे वाट पाहिली. बुंध्याला कोंब फुटला नाही. "देवीच्या झाडाचा वंश बुडाला," म्हातारी माणसं म्हणू लागली. दुसरीकडून अशोक आणता आला असता, पण तो या देवीचा कसा म्हणायचा?

या चैत्रात सगळा गाव पिंपळाखाली बसलेला असताना हिरामण उठला आणि सगळं सांगून मोकळा झाला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर भागूबाईच्या शेजारी कुणी घागर बुडवेना. देवीची पूजा भिवाजीकडे होती. त्याने हिरामणला बोलावून घेतलं.

"जा, घेऊन ये," तो म्हणाला. "पण चोरून गेलेलं चोरून परत येत नाय. ज्याचं हाय त्यानं आपल्या हातानं दिलं तरच राईत पाऊल टाक. नायतर तुला राई बंद."

बागेच्या पश्चिमेच्या कडेला चार-पाच अशोक एका ओळीत होते. पहिल्या दोघांचे बुंधे सरळ होते. तिसऱ्यापाशी हिरामण थांबला. दीड वितीवर बुंधा दुभागला होता, आणि दोन्ही फाटे आता माणसाच्या मांडीएवढे जाड झाले होते. वर कोवळी तांबूस पानं झुपक्यांनी लोंबत होती. कुठे कुठे चपट्या शेंगा वाळल्या होत्या.

भागूबाईचा विश्वास बसेना. "अवो, झाड एवढं वाढलं, मग फाटा वर नको का जायला?"

"झाड शेंड्यानं वाढतं गं. बुंधा जागचा हलत नाय. दीड वितीवर होता तो दीड वितीवरच राहणार."

ती गुडघ्यांवर बसली आणि जमिनीपासून वीत घालू लागली.

"हात नका लावू झाडाला." मागून आवाज आला.

पन्नाशीचा एक माणूस उभा होता. अंगात मळकी बंडी, डोक्याला गोल टोपी. त्याचं नाव अबूबकर. तो मूळचा मुरूडकडचा, बागेतल्या माळ्यांचा मुकादम. झाडाला वीत घालणारी बाई त्याने आजवर पाहिली नव्हती. हिरामणने हात जोडले आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आगीपासून भिवाजीच्या अटीपर्यंत. सांगता सांगता कनवटीतून चाकू काढला.

"हा तुमच्या बागेचा. झाडापायी मिळाला होता. परत करायचा हाय."

अबूबकरने चाकू उघडला. मग आपल्या खिशातला चाकू काढून शेजारी धरला. दोन्ही एकाच घडणीचे, मुठी सारख्याच शिंगाच्या. पण अबूबकरच्या चाकूचं पातं धार लावून लावून करंगळीएवढं उरलं होतं, आणि हिरामणचं जसंच्या तसं रुंद होतं.

"तीस वर्षांत एकदा पण नाय चालवला?"

"मन झालं नाय."

"घेतो," अबूबकर म्हणाला. "नाय घेतला तर तुमाला झोप यायची नाय." त्याने झाडाखाली नजर टाकली. एक शेंग तडकून पडली होती आणि तांबूस तपकिरी बिया मातीवर पसरल्या होत्या. "उचला त्या. संध्याकाळी झाडूत जाणारच. कोण बघतंय?"

हिरामण जागचा हलला नाही. "तुमी द्यायला त्या तुमच्या हायेत का?"

अबूबकरला आधी हसू आलं, मग ते मावळलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्या नाय. खरं सांगायचं तर माझ्या नाय. बागेचे मोठे साहेब देऊ शकतात."

"मग साहेबांना भेटतो. कुठं बसतात?"

"उन्हाळ्यात? माथेरानला."

भागूबाई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. "अगं बाई. ते आमच्या डोक्यावर जाऊन बसलेत आणि आमी त्यांना मुंबईत हुडकतोय."

"खाली कवा येतील?" हिरामणने विचारलं.

"पाऊस सुरू झाल्यावर."

"तवर बी टिकंल?"

"अशोकाचं बी कुणासाठी थांबत नाय, भाऊ. थोडक्या दिवसांत आतून सुकतं."

हिरामण झाडाकडे बघत राहिला. आज रिकाम्या हाताने गेलं तर पुढचा उन्हाळा, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गावात चोर म्हणून राहायचं. झाड मात्र हाताच्या अंतरावर होतं.

अबूबकर निघून गेला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याच्या हातात भिजवलेलं फडकं होतं. त्याने चांगल्या भरल्या शेंगा निवडून तोडल्या, बिया सोलल्या, ओल्या मातीत घोळवून फडक्यात ठेवल्या आणि वर सुतळीने घट्ट गाठ मारली.

"हे झाड यंदा चांगलं धरलंय, ते साहेबांना दाखवायला मी बिया पाठवतोय," तो म्हणाला. "तुमी फक्त पोचवायचं. ही अमानत हाय. त्यांच्या पुढ्यात ठेवा, मग तुमचं मागणं मागा. देतील की नाय, ते मला ठाऊक नाय."

हिरामणने पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली. जाताना भागूबाईने अबूबकरला कांदा-भाकर दिली. गाडीत खायला ठेवलेली तेवढीच उरली होती.

परतताना दोघं नेरळला उतरली. माथेरानची सडक तिथूनच वर जात होती, पण हिरामणला कोशिंबवाडीवरून जाणारी जुनी पायवाट ठाऊक होती, आणि ती राईला घासूनच जात होती. राईच्या कडेला पोचल्यावर भागूबाई थांबली. पलीकडे अशोकाचा काळा पडलेला बुंधा दिसत होता.

"पुरचुंडीत बी हाय," ती म्हणाली. "समोर राई हाय. मधी डोंगर कशाला?"

"गाठ मुकादमानं साहेबासाठी मारलीय."

"आणि साहेब नाय म्हणाला तर?"

"तर नाय."

भागूबाईने त्याच्या खांद्यावरचं गाठोडं काढून आपल्या डोक्यावर घेतलं. "जा. भिवाजीला मी सांगते. माणूस वर गेलाय म्हणून सांगते, पळाला नाय."

हिरामण डोंगर चढून गेला तेव्हा साहेब घोड्यावरून फिरायला गेले होते. खानसाम्याने सांगितलं, उद्या सकाळी ये. बंगल्याबाहेर जांभळीच्या झाडाखाली तो बसून राहिला. फडकं सुकू नये म्हणून मधूनमधून त्यावर ओंजळीतलं पाणी शिंपडत होता. गाठ मात्र त्याने सोडली नाही.

सकाळी साहेब व्हरांड्यात आले. हिरामणने पुरचुंडी त्यांच्या पायरीवर ठेवली आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. साहेबांना मराठी थोडी येत होती, उरलेलं खानसामा समजावत होता. साहेबांनी सुतळीची गाठ नखाने सोडवली, एक बी हातावर घेऊन वजन केल्यासारखं हलवलं. मग काहीतरी विचारलं.

"साहेब म्हणतात, तुझं गाव वाटेतच होतं," खानसामा म्हणाला. "पेरून का नाही टाकलंस? कुणाला कळलं असतं?"

हिरामणने साहेबांनी सोडवलेल्या सुतळीकडे बघितलं.

"मागायचं राहिलं असतं," तो म्हणाला. "मागच्या खेपेला पण तेवढंच राहिलं होतं."

खानसाम्याने ते साहेबांना सांगायला बराच वेळ घेतला. साहेबांनी दोन बिया स्वतःसाठी बाजूला काढल्या, बाकीच्या फडक्यात परत बांधल्या आणि दोन पायऱ्या उतरून पुरचुंडी हिरामणच्या ओंजळीत ठेवली.

तो खाली आला तेव्हा दुपार टळत होती. राईच्या वाटेवर भिवाजी बसला होता. त्याच्या मागे बरीच माणसं होती आणि पोरं तर सगळ्यांच्या पुढे. भागूबाई एका दगडावर बसली होती. तिच्या शेजारी दोन बायका बसल्या होत्या, आणि हिरामणच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"हातानं दिलं?" भिवाजीने विचारलं.

"हातानं. पायऱ्या उतरून."

भिवाजी वाटेतून बाजूला झाला.

जळक्या बुंध्याभोवती हिरामणने माती भुसभुशीत केली आणि पोरांना जवळ बोलावलं. प्रत्येकाच्या हातावर एकेक बी ठेवलं. "उभं नाय रं लावायचं, आडवं निजवायचं," तो सांगत होता. "बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. वर माती दाबायची नाय. तुमाला घोंगडीखाली दाबून धरलं तर उठाल का?" पोरं हसली आणि कामाला लागली. भिवाजीची नात आवडी सात वर्षांची होती. तिने बी निजवून वर माती लोटली, हात झटकले आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

"आजोबा, आधीचं झाड तुमीच नेलं होतं ना?"

भिवाजी नातीला काही बोलणार होता, पण हिरामणने हाताने थांबवलं.

"व्हय गं," तो म्हणाला. "मीच नेलं होतं."

आवडीने मान डोलावली. तिला एवढंच हवं होतं. "मग आता पाणी घालू?"

"घाल. हळू घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण उठून बसला तर शेणाने सारवलेल्या जमिनीवर उन्हाचा एक कवडसा पडलेला होता. या घरात तो त्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याने वर पाहिलं. दाराच्या वर, छपराच्या गवतात चाकू खोचलेला असायचा तिथे चार बोटांचं भोक पडलं होतं.

चुलीपाशी बसलेल्या भागूबाईनेही ते पाहिलं. "पाऊस यायच्या आधी बुजवा तेवढं," ती म्हणाली.

"बुजवतो," हिरामण म्हणाला, आणि कवडशात हात धरून तसाच बसून राहिला.