गेरूचा ठिपका

उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, त्यानंतरच्या साली आमच्या गावात पाऊस पडला नाही, पण जिल्ह्याचा अभिमान मात्र बदाबदा कोसळला. सरपंच वीरभद्रअप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांनी चावडीवर सांगून टाकलं, की गावच्या बाजारात फक्त आपल्या जिल्ह्याचा माल विकायचा. ओळख म्हणून मालावर गेरूचा ठिपका. परजिल्ह्याच्या माणसानं ओढ्यापलीकडंच बसायचं.

आता त्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात पिकत होती ती धूळ. सोमवारच्या बाजारात ठिपका लागला तो गोवऱ्यांना आणि दोन खंगलेल्या शेळ्यांना. तरी अप्पा छाती काढून फिरत होते.

मरण झालं ते सरजाबाईचं. ओढ्यापलीकडं, लोह्याच्या बाजूला, म्हणजे परजिल्ह्यात तिची झोपडी. जमीन नाही, रोजगार नाही. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून ती दर सोमवारी आमच्याकडं आणायची, त्यावरच तिची चूल पेटायची. अप्पांनी तिला भर बाजारातून उठवलं.

"अप्पा, शिंदी तर ओढ्यातलीच हाय. वढा कोन्या जिल्ह्याचा?"

"ते कलेक्टर ठरवील. तू ऊठ."

सरजाबाईनं केरसुण्यांची मोळी डोक्यावर घेतली. आम्ही सगळे शूर गावकरी शेळ्यांकडं बघत राहिलो.

तेवढ्यात अप्पांची बायको दानम्मा दुकानातून बाहेर आली. डोक्यावर पदर, काखेत वळकटी. सरजाबाईच्या मागोमाग ओढ्याकडं निघाली.

"अगं, कुठं चाललीस?"

"पलीकडं बसाया. म्या औरादकडची. जिल्हा सोडा, माजं राज्यबी दुसरं. परका माल घरात कशाला ठिवता?"

"लोक बघायलेत."

"बघू द्या की. आन् घरात जवारी हाय ती माज्या भावानं दिलेली. तिला हात लावू नका, बाटाल."

दोघी पलीकडं बाभळीखाली जाऊन बसल्या. सरजाबाईनं आपली भाकर मोडून निम्मी दानम्माला दिली. अलीकडं अप्पा दुकानात गूळ-शेंगदाणे चघळत बसले. उन्हं कलली तरी दानम्मा हलेना. शेवटी गेरूची वाटी घेऊन अप्पाच ओढा उतरले, आणि अख्खा बाजार त्यांच्या मागं.

अप्पा खाली बसले. एकेका केरसुणीला ठिपका लावला. मग घसा खाकरून म्हणाले, "चौकशी केली म्या. ह्या केरसुण्या आपल्याच जिल्ह्याच्या हायत."

"फुडच्या सोमवारीबी?" सरजाबाईनं विचारलं.

"हाव. फुडच्याबी."

"जागा?"

"तुजी हाय तीच."

सरजाबाई उठली. दानम्मा मात्र बसूनच. तिनं हात पुढं केला.

"आन् मला?"

अप्पांनी चार माणसांत बायकोच्या मनगटाला गेरू लावला. कानापर्यंत लाल झाले. गोंधळात बोटं धोतराला पुसली.

दानम्मानं धोतर निरखून पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. "इचलकरंजीचं व्हतं. आता तेबी आपलं झालं."

सरजाबाई हसत हसत मोळी घेऊन पुढं झाली, तिच्या मागं दानम्मा. वळकटी अप्पांनाच आणावी लागली.