माझ्याखाली धरलेली बोटं

मला वाटलं होतं, सोलापुरात माझं अंग रोज मातीनं माखेल. राजेश्वरीनं तसा शब्दच दिला होता. परदेशातल्या त्या गारठलेल्या खोलीत बॅग भरताना ती मला म्हणाली होती, "चल, आता खरं काम सुरू. आपल्या गावात फुटबॉल उभा करायचाय." इथे आल्यावर मला काय मिळालं? प्लास्टिकच्या एका खुर्चीची पाठ, वर कुरकुरणारा पंखा आणि न संपणाऱ्या गप्पा.

मी एक जर्सी आहे. जांभळ्या रंगाची, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थबरो नावाच्या क्लबची. माझ्या पाठीवर सातचा आकडा आहे आणि त्यावर 'हार्लो' हे एका खेळाडूचं नाव.

माझा जन्म मात्र इंग्लंडमधला नाही. दूरच्या कुठल्याशा देशात, शेकडो बहिणींसोबत मी शिवली गेले आणि खोक्यात बसून नॉर्थबरोला पोचले. तिथल्या मैदानाशेजारच्या दुकानात मला काचेमागे उभं केलं होतं. लहान मुलं काचेला नाक लावून माझं नाव वाचायची. मी फुलून जायचे.

मग एका उन्हाळ्यात क्लबनं हार्लोला विकलं. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं माझ्यावर निम्म्या किमतीची चिठ्ठी चिकटवली. माझी एक शिवणही उसवली नव्हती, रंग जसाच्या तसा होता, तरी मी शिळी झाले. कालपर्यंत ज्यांनी त्याच्या नावाची गाणी म्हटली, ती माणसं माझ्याकडे न बघता पुढे जायला लागली.

राजेश्वरी तेव्हा तिथे क्रीडा व्यवस्थापन शिकत होती. तिनं मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "माणूस विकला म्हणून त्याचं नावही टाकून द्यायचं? मला नाही पटत." त्या क्षणी मला वाटलं, मी योग्य हातात पडले.

सोलापुरात गुरुशांतअण्णांचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. दुकानावर गच्ची, गच्चीवर पत्र्याची शेड. नॉर्थबरोचे इथले चाहते दर शनिवारी संध्याकाळी तिथे जमतात. परदेशात असताना राजेश्वरी त्यांचे मेसेज वाचून भारावून जायची. केवढा अभ्यास! तिला वाटायचं, ही सगळी खेळणारी माणसं असणार. प्रत्यक्षात अण्णांना स्वतःच्या दुकानाचा जिना चढताना दम लागतो. आणि बँकेत काम करणाऱ्या सोमशेखरच्या पायाला शाळा सुटल्यापासून चेंडू लागलेला नाही. पण कुठला खेळाडू आठवड्याला किती पगार घेतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं.

"दोन लाख पौंड आठवड्याला!" तो म्हणायचा. "आठवड्याला बरं का अण्णा, महिन्याला न्हाय."

"त्येवढ्यात आपल्या सात रस्ता चौकातले सगळे खड्डे बुजतील की."

"खड्डे बुजवले तर सोलापूर आलं हे कळणार कसं लोकांना?"

हसून झालं की अण्णा शेंगाचटणी लावलेल्या कडक भाकरीचा तुकडा मोडायचे आणि निकाल द्यायचे, "विकून टाका त्याला. गुडघा गेलाय त्येचा. आता हाय तो भाव घ्या, नंतर कुत्रं विचारणार न्हाय."

खुर्चीच्या पाठीवरून मी हे ऐकायचे. माझ्या पाठीवरचं नाव भिंतीकडे असायचं, तेच बरं वाटायचं.

राजेश्वरीला हे फार दिवस सोसवलं नाही. एका शनिवारी ती उभीच राहिली. "नुसतं बोलून काय होणार? आपण मुलींचा संघ काढू. आपल्या गावचा." खरं सांगायला हवं, तिच्या शब्दाला मान मिळाला. अण्णांनी ओळखीच्या युनिफॉर्मवाल्याकडून पांढरे कपडे शिवून दिले. ते अध्यक्ष झाले, राजेश्वरी सेक्रेटरी झाली. जुळे सोलापुरातल्या एका मोकळ्या मैदानावरची वेडी बाभळ तोडून सराव सुरू झाला.

गोलरक्षकाच्या शर्टाचा रंग इतर खेळाडूंपेक्षा वेगळा लागतो. वेगळा शर्ट कुणी शिवलाच नव्हता. राजेश्वरीनं मला खुर्चीवरून काढलं आणि राजनंदिनीला दिलं.

राजनंदिनी सांगोल्याकडची. घरी मेंढ्या. ती इथे मामाकडे राहून कॉलेजला जायची. मेंढ्या कोंडायला भोवती जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. लहानपणी त्या वाघरीच्या तोंडाशी उभं राहून निसटणारी कोकरं धरायचं काम तिचं होतं. गोलासमोरही ती तशीच उभी राहायची, गुडघे वाकवून, हात पसरून. चेंडू आला की आम्ही दोघी काळ्या मातीत लोळायचो. ती आतून ओरडायची, "डावीकडं! डावीकडं बघ की गं!" आणि तो आवाज माझ्या धाग्याधाग्यातून बाहेर पडायचा. हार्लोचं नाव मातीनं झाकून जायचं. त्याचं मला काही वाटायचं नाही.

जुलैमध्ये कोल्हापूरहून फोन आला. तिथल्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक महेश्वरी मॅडम यांनी राजनंदिनीला एका स्पर्धेत पाहिलं होतं. त्यांना ती हवी होती. राहणं, जेवण, कॉलेजातला प्रवेश, सगळं त्या बघणार होत्या. फक्त जुन्या संघानं तिला सोडायला ऑनलाइन मंजुरी द्यायची होती, पुढच्या रविवारी दुपारच्या आत. मग त्यांची नोंदणी बंद होणार होती.

राजनंदिनीला कळलं तेव्हा मी तिच्या अंगावरच होते. तिचं काळीज इतकं उडत होतं की मला वाटलं, माझी शिवण सुटणार.

बातमी गच्चीवर गेली आणि तिथे काहीतरी चेतलं. इतकी वर्षं ही माणसं दुसऱ्यांच्या क्लबचे सौदे करत होती. आता पहिल्यांदा त्यांच्याकडे विकण्यासारखं कुणीतरी होतं.

"फुकट सोडायची?" सोमशेखर म्हणाला. "पहिली ऑफर कुठलाच क्लब घेत न्हाय."

"पन्नास हजार म्हणा," अण्णा म्हणाले. "आणि पुढं तिला मोठ्या क्लबनं घेतलं तर त्यात बी आपला वाटा."

राजेश्वरी विरोध करेल असं मला वाटलं होतं. पण तिचे डोळे चमकले. तिला त्या पैशात जाळ्या दिसल्या, नवे चेंडू दिसले, बाकीच्या मुलींचे बूट दिसले. "हे आपल्या हक्काचं आहे," ती म्हणाली. "जगात सगळीकडे असंच चालतं. आपण व्यावसायिक व्हायला शिकलं पाहिजे." तिनंच फोन केला. महेश्वरी मॅडम म्हणाल्या, आमचा संघ वर्गणीवर चालतो, एवढे पैसे कुठून आणू? राजेश्वरीनं सांगितलं, विचार करा. मंजुरी अडून राहिली.

रविवारच्या आदल्या संध्याकाळी सगळे गच्चीवर होते. सरावानंतर राजनंदिनीनं मला धुऊन परत दिलं होतं, आणि मी पुन्हा खुर्चीवर.

"कोल्हापूरवाले येणार बघ झक मारत," अण्णा म्हणाले. "शेवटच्या दिवशीच येत्यात सगळे. अगं, सांगोल्याच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांचा सौदा बघितलायस का कधी? भाव तोंडानं बोलायचा न्हाय. वरनं रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव."

"दाखवा की!" सोमशेखरनं हात पुढे केला. "मी कोल्हापूर."

"मग मी न्हाय, सेक्रेटरी तू की राजेश्वरी. कर सौदा."

रुमाल कुणाकडे नव्हता. अण्णांनी खुर्चीवरून मला ओढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

माझ्याखाली सोमशेखरनं राजेश्वरीची दोन बोटं धरली. तिनं हसत मान हलवली. त्यानं तीन धरली. "नाही नाही," ती म्हणाली, "आमची पोरगी उंच आहे. दात बघा, पाय बघा!" अण्णा खो खो हसले. राजेश्वरीनं त्याची चार बोटं घट्ट दाबली. तिच्या तळव्याचा घाम मला लागला. मातीतला घाम मी आनंदानं प्यायले होते. हा मला नकोसा झाला.

जिन्याच्या तोंडाशी दोघी उभ्या होत्या. राजनंदिनी आणि तिची आई, मायाक्का. लेकीचं काम झालं असेल या भरवशावर ती सांगोल्याहून आली होती. हातात डाळिंबांची पिशवी होती.

"कुणाचा सौदा चाललाय हितं?" तिनं विचारलं. साधेपणानं विचारलं. बाजारात विचारतात तसं.



"माझा, आई," राजनंदिनी म्हणाली.

माझ्याखालची बोटं अजून तशीच धरलेली होती. ती सोडायचंही कुणाला सुचलं नाही.

"अहो मावशी, गंमत चालली होती," अण्णा उठले. "बसा, च्या सांगतो."

"न्हाय, बसत न्हाय." मायाक्कानं पिशवी जमिनीवर ठेवली. "डाळिंबं हायती. तुमच्यासाठनंच आणल्याली. खावा."

राजनंदिनी पुढे आली. तिनं मला त्या हातांवरून उचललं, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवलं. राजेश्वरी कशीबशी म्हणाली, "ती तुझीच आहे गं. घेऊन जा."

"नको, ताई."

एवढंच. मायलेकी जिना उतरून मामाकडे गेल्या. सोमशेखर हळूच म्हणाला, "ऑफर वाढली असती तर फायदा तिचाच होता की."  डाळिंबाला कुणी हात लावला नाही.

मी कापड आहे. लाजेनं लाल व्हायची सोय मला नाही. पण विकलेल्या माणसाचं नाव पाठीवर घेऊन फिरणारी मी, आणि मलाच पांघरून एका मुलीचा भाव ठरला. ज्या मुलीनं मला जिवंत केलं, तिचाच. तुम्हीही संध्याकाळी जमत असाल, कुठल्या तरी क्लबच्या कुणाला तरी 'विकून टाका' म्हणत असाल. म्हणा हवं तर. फक्त तो जिन्यात उभा आहे असं समजून म्हणा.

राजेश्वरीनं मला घरी आणून खुंटीला अडकवलं. सकाळी ती माझ्यासमोरच फोन घेऊन बसली. आधी मामाच्या घरी जाऊन माफी मागावी, मायलेकींच्या तोंडावरचा राग उतरला की तिथेच त्यांच्यासमोर मंजुरी द्यावी, असं तिनं योजलं होतं. शब्दही जुळवले होते. मग ती थांबली.  त्यांनी माफ केलं तर मंजुरी, हाही सौदाच झाला असता.

तिनं मोबदल्याच्या रकमेच्या जागी शून्य लिहिलं आणि मंजुरी देऊन टाकली. अण्णांना विचारलं नाही, फक्त कळवलं. राजनंदिनीला मंजुरी कळल्याचा कोल्हापूरहून निरोप येईपर्यंत ती दारात चपला घालून उभी राहिली. आता त्या दोघींना तिच्याशी एक शब्दही बोलायची गरज उरली नव्हती. तेव्हा ती माफी मागायला निघाली.